अप्पांची गवतं आणि विद्यापीठाची मान्यता

आमच्या कॉलेजच्या ऑफिसात, प्राचार्यांच्या केबिनच्या दाराशेजारी, काचेच्या चौकटीत विद्यापीठाचं एक पत्र टांगलेलं आहे. वनस्पतिशास्त्र विभागाला संशोधन केंद्र म्हणून मान्यता दिल्याचं ते पत्र. त्यात मान्यताप्राप्त मार्गदर्शक म्हणून माझं नाव आहे. येणारा-जाणारा ते वाचतो आणि माझं अभिनंदन करतो. दर वेळी मी ठरवतो, आज याला बसवून घ्यायचं आणि सांगायचं की बाबा रे, हे सगळं काशिनाथअप्पांचं, मी नुसता नावाला. आणि दर वेळी 'थँक्यू, थँक्यू' म्हणून मोकळा होतो. एकदा कुठंतरी सांगून टाकलं पाहिजे, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

काशिनाथअप्पा आमचे विभागप्रमुख. मी नवी कोरी पीएच.डी. घेऊन अंबाजोगाईला रुजू झालो, तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. उंची बेताची, अंग वाळकं, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, पांढरा फुलशर्ट आणि पायात कॅनव्हासचे बूट. बूट मूळचे पांढरे असावेत. मी पहिल्या दिवशी त्यांच्यापुढं माझ्या प्रबंधाची प्रत ठेवली. त्यांनी ती हातात घेतली, वजन केल्यासारखी वरखाली केली, पहिलं पान वाचलं, शेवटचं पान वाचलं आणि विचारलं, "जाधवसाहेब, गवत वळखता का?"

मी म्हणालो, "गवत म्हणजे कुठलं, सर?"

"ह्ये बरं झालं," अप्पा खूश होऊन म्हणाले. "बाकीचे नुसतं 'हो' म्हणत्यात. तुमी कुठलं तरी इचारलं."

अप्पांचं सगळं गवतात होतं. वड, चिंच, आवळा यांच्याशी त्यांचं वाकडं नव्हतं; पण त्यांना ओळखणारे पुष्कळ आहेत, असं त्यांचं म्हणणं. "गवताला कुनी इचारत न्हाई हो. सगळ्यास्नी वाटतं, सगळं गवत एकच." परळीच्या मोंढ्यात त्यांच्या भावांचं धान्याचं मोठं दुकान. घराणं पिढ्यान्‌पिढ्या व्यापारातलं. भाऊ चारचौघांत हसत सांगायचे, "आमी ज्वारी इकतो, आन आमचा अप्पा धाटाखालचं गवत गोळा करतो." अप्पाही हसायचे. भावांवर त्यांचा जीव होता, आणि दुकानातून एक गोष्ट ते हक्कानं आणायचे. रद्दी.

गवत वाळवायचं तर ते वर्तमानपत्राच्या घडीत घालून दोन फळ्यांमध्ये आवळून ठेवावं लागतं. कागद दमट झाला की बदलायचा. अप्पा रोज दुपारी कागद बदलत आणि बदलता बदलता वाचत. ताजं वर्तमानपत्र त्यांनी कधी विकत घेतलं नाही. पुड्या बांधायला दुकानात आलेली रद्दी, तिथून अंबाजोगाई, तिथून गवत, अशा क्रमानं जगाच्या बातम्या त्यांच्यापर्यंत पोचायच्या. त्यामुळं आमचे विभागप्रमुख देशाच्या तीन-चार महिने मागं असत. एकदा ते गंभीर चेहऱ्यानं स्टाफरूममध्ये आले आणि म्हणाले, "जाधवसाहेब, सरकारनं दारं उघडलीत म्हनं. परदेशी कंपन्या येनार हितं."

इंग्रजीचे प्राध्यापक म्हणाले, "अप्पा, आल्या सुद्धा. कँटीनमध्ये बाटल्या ठेवल्यात त्यांच्या."

"आल्या?" अप्पांनी विचारलं. "माझ्याकडं तर आजून येनार हायत." आणि ते परत आपल्या फळ्यांकडं गेले.

त्यांचा पहिला तास कधी वर्गात झाला नाही. नव्या मुलांना ते मैदानाच्या कडेला घेऊन जात, खाली बसवत आणि म्हणत, "हात लांबवा. जितका पोचतो तितकी जागा तुमची. तिच्यात किती तऱ्हेचं गवत हाय, मोजा." मुलं वैतागायची. खेड्यातून आलेल्या मुलांना वाटायचं, गवत काढायच्या कटकटीतून सुटावं म्हणून तर कॉलेजात आलो. पाचेक मिनिटांत कुणी म्हणायचं दोन, कुणी तीन. अप्पा त्याच्याशेजारी उकिडवे बसायचे आणि बोट न लावता, नुसती काडी फिरवत सात-आठ दाखवायचे. मग म्हणायचे, "आता उठू नका. आता खरं बगायला लागा." मीही एकदा त्या मुलांत बसलो होतो. मला चार सापडली. अप्पांनी माझ्या हातभर जागेत नऊ दाखवली आणि वर समजूत घातली, की नव्या माणसाला चार म्हणजे काही वाईट नाही. माझी पीएच.डी. पानांवरच्या बुरशीवर होती हे सांगून मी अब्रू वाचवली.

पण अप्पांचं खरं वेड होतं लेबलांचं. वाळलेलं गवत जाड पांढऱ्या कागदावर शिवतात, त्याला आम्ही शीट म्हणतो. शीटच्या उजव्या कोपऱ्यात लेबल असतं. गवताचं नाव, कुठं मिळालं, कधी मिळालं, कुणी गोळा केलं. सगळं जग 'कुठं'च्या पुढं 'अंबाजोगाई परिसर' एवढं लिहून मोकळं होतं. अप्पांचं लेबल असं: 'परळी रस्ता. दुसऱ्या ओढ्याच्या पुढं डाव्या हाताला दगडाची खाण. खाणीत पाणी आहे त्या कडेला, म्हशी बसतात तिथून वीस पावलं वर.' आणि 'कुणी गोळा केलं'च्या पुढं तर भलताच प्रकार. 'सखाराम, मेंढ्या राखणारा.' 'रहीमभाई, कबरस्तानची देखभाल करणारे.' 'गयाबाई, गवत कापायला आलेली.' एका शीटवर चक्क 'शांता, अंगणातल्या तुळशीच्या कुंडीतून.' शांता म्हणजे त्यांची बायको, आमच्या शांताकाकू. ज्यानं गवत पहिल्यांदा दाखवलं, त्याचं नाव. अप्पांचं स्वतःचं नाव फक्त त्या शीटांवर, जिथं ते एकटे होते आणि दाखवायला दुसरं कुणीच नव्हतं.

मी एकदा न राहवून म्हणालो, "अप्पा, संग्राहक म्हणजे तुम्ही. गयाबाईनं नुसतं बोट केलं."

"मी कुठला? मी तर त्याच्यावर पाय ठिवून पुढं चाललो व्हतो. तिनं हाक मारली म्हणून थांबलो."

अशा हजाराच्या वर शीट्स, नऊ लोखंडी कपाटांत, विभागाच्या मागच्या मोठ्या खोलीत होत्या. त्या खोलीला डांबराच्या गोळ्यांचा आणि वाळल्या गवताचा मिळून एक वास होता. तो माझ्या कपड्यांना लागायला लागला, तेव्हा मला कळलं की आपण आता इथलेच झालो.

शांताकाकूंचा मात्र गवतावर दात होता. कारण साधं होतं, अप्पांचे कपडे त्या धूत. विजारीला, मोज्यांना, शर्टाच्या काखेतसुद्धा कुसळं. "दगडावर आपटलं की माज्या हातात शिरत्यात," त्या मला हात दाखवत म्हणाल्या होत्या. "सौंसार कुसळाचा झालाय बगा." एका रविवारी मी त्यांच्याकडं जेवायला गेलो होतो. अप्पा आत पूजेला बसले होते. मी सहज विचारलं, "काकू, अप्पांनी पीएच.डी. का नाही केली हो? त्यांच्याएवढं गवत विद्यापीठातसुद्धा कुणाला येत नाही."

काकूंनी आतल्या दाराकडं बघितलं आणि आवाज उतरवला. "केलती की सुरू. लई वर्सं झाली. लांबच्या गावाला एक मोटे प्रोफेसर व्हते, त्यांच्याकडं नाव घातलतं. यष्टीनं एक दिस जायाला, एक दिस यायाला. आन एकदा ह्यान्ला डोंगरात कंचं तरी गवत घावलं, कुनीच लिवलेलं नव्हतं म्हनं. येवढ्या हुरुपानं घिऊन गेले त्यान्ला दावायला. त्यांनी ठिवून घेतलं. पुढं सा म्हैन्यानं छापून आलं, त्या प्रोफेसराच्या नावानं. ह्यांचं नाव कुटंच न्हाई."

"मग?"

"मग काय? भांडले न्हाईत, का काई न्हाई. निस्तं नाव काढून घेतलं. घरी आले, आंगोळ केली आन म्हनले, आता कुनाच्या हाताखाली ह्या जन्मात न्हाई. तवापास्नं ती लेबलं अशी लिवत्यात."

तेवढ्यात पूजेची घंटा थांबली आणि काकूंनी मोठ्यानं विचारलं, "आमटी वाढू का आनखी?" मला त्या लेबलांचं कोडं त्या दिवशी उलगडलं. अप्पांबद्दलची माझी थट्टा तिथून पुढं कमी झाली.

असं निवांत चाललं होतं. मग कॉम्प्युटर आला.

गावात एसटीडीचे बूथ झाले, घरांवरून केबलच्या वायरी गेल्या, आणि जो तो पोराला कॉम्प्युटरला घालायचं म्हणू लागला. आमच्या संस्थेचे सचिव भाऊसाहेब राजकारणातले, शंभर एकरांचे धनी, आणि वाऱ्याची दिशा ओळखणारे. माणूस वाईट मुळीच नव्हता. एका सकाळी ते विभागात आले, मागची खोली उघडायला लावली, लांबी-रुंदी पावलांनी मोजली आणि म्हणाले, "अप्पा, येवढी ऐसपैस खोली. हितं गवताला कुलूप कावून लावून ठिवलंय? हितं कॉम्प्युटर बसवू. एसी लावू. पोरं रांग लावतील."

"आन कपाटं?"

"व्हरांड्यात लावू की. मागच्या बाजूला."

मागचा व्हरांडा म्हणजे पावसाची झड सरळ आत येणारी जागा, आणि भिंतीला वाळवी. अप्पांनी हातातली काडी खिशात ठेवली. त्यांच्या चेहऱ्याकडं बघून मीच बोलून गेलो, "भाऊसाहेब, या विभागाला विद्यापीठाची संशोधन केंद्र म्हणून मान्यता मिळू शकते. मान्यता मिळाली तर जिल्ह्यात कॉलेजचं नाव होईल. आणि मग ही खोली नियमानं लागेलच."

भाऊसाहेब थांबले. जिल्ह्यात नाव म्हटलं की ते थांबत. "मिळंल का पन?"

"अर्ज करून बघू."

"बगा. ह्या वर्सात आली मान्यता, तर ऱ्हाऊ द्या तुमचं गवत. न्हाई आली तर म्या कॉम्प्युटर आनला."

अर्ज करताना पहिला घोळ झाला. केंद्राला पीएच.डी. झालेला मान्यताप्राप्त मार्गदर्शक लागतो. तो म्हणजे मी. संग्रह कुणाचा, तो वाढवला कुणी, याला अर्जात रकानाच नव्हता. 'विभागातील इतर अध्यापक' या रकान्यात मी अप्पांचं नाव लिहिलं. विभागप्रमुख, सव्वीस वर्षं त्या डोंगरात हिंडलेला माणूस, 'इतर'. मी तो कागद त्यांच्यापुढं सहीला ठेवला तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अप्पांनी चष्मा लावून सगळा वाचला आणि म्हणाले, "अक्षर चांगलं हाय तुमचं." सही केली आणि कागद परत दिला.

विद्यापीठाची समिती आली ती तिघांची. समिती येण्याची आमच्याकडं एक पद्धत आहे. सकाळी हार-नारळ, मग योगेश्वरीचं दर्शन, मग भाऊसाहेबांच्या मळ्यात जेवण, आणि मधल्या फटीत वीस मिनिटं विभागाची पाहणी. वीस मिनिटांत कुणाला काही दिसू नये आणि अहवाल चांगला जावा, हा त्यामागचा हेतू. पण समितीच्या अध्यक्ष सबनीस मॅडम निघाल्या उलट्या. साठीच्या आसपासच्या, खादीची साडी, कडक नजर. शाल त्यांनी हातात घेऊन खुर्चीवर ठेवली आणि म्हणाल्या, "आधी कपाटं दाखवा."

एक कपाट झालं, दुसरं झालं. मॅडम स्वतः गवताच्या अभ्यासक. शीट उचलून उजेडाकडं धरत आणि खाली ठेवत. तिसऱ्या कपाटात त्यांचा हात थांबला. "संग्राहक, गयाबाई. ही कोण? विद्यार्थिनी?"

"न्हाई बाई," अप्पा म्हणाले. "गवत कापती."

समितीतले बाकीचे दोघं हसले. भाऊसाहेबही हसले, कारण समिती हसत होती. मॅडम हसल्या नाहीत. "आणि ही सगळी अशीच? मेंढपाळ, राखणदार? सर, नमुन्याला साक्ष लागते. उद्या कुणी मला विचारलं, की हे गवत खरंच तिथं होतं कशावरून, तर मी या गयाबाईला कुठं शोधू?"

"चला की. दावतो."

"आत्ता?"

"बुट्टेनाथाच्या वाटंला हाय. लई लांब न्हाई."

भाऊसाहेबांनी घड्याळाकडं बघितलं, कारण मळ्यात रोडगे भाजायला टाकले होते. पण मॅडमनी शीट कागदात गुंडाळून काखेत मारली आणि त्या जीपकडं चालू लागल्यासुद्धा. आम्ही सगळे मागं. अप्पा पुढं ड्रायव्हरशेजारी बसले. लेबलावर लिहिल्याप्रमाणं ते वाट सांगत होते. लिंबाचं जोडझाड आलं, मोडकी मोट असलेली विहीर आली, आता उजवीकडं उतार, उताराला झिरपणारं पाणी. जीप थांबली.

उतार नव्हता. झिरपणारं पाणी नव्हतं. जमीन सपाट करून वर मुरूम पसरलेला, त्यावर फक्कीच्या पांढऱ्या रेघा आणि रोवलेले दगड. प्लॉट पाडले होते. रस्त्याच्या कडेला रंगवलेली मोठी पाटी, आणि तिच्यावर शुभहस्ते म्हणून भाऊसाहेबांचं नाव. भाऊसाहेब एकदम खोकायला लागले.

अप्पा खाली उतरून त्या मुरमावर उभे राहिले. चार-पाच वर्षांत त्यांचं इकडं येणं झालं नव्हतं. इकडं तिकडं बघत त्यांनी पावलं मोजायला सुरुवात केली आणि आठव्या-नवव्या पावलावर थांबले. इतकं गोंधळलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आमची फाईल तिथंच बुडाली असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला फाईलचं काही वाटलं नाही. मला अप्पांचं वाटलं.

"सर, चला," मॅडम म्हणाल्या. आवाज मऊ होता, आणि तो मऊ आवाज मला जास्त लागला.

"थांबा बाई. गवत न्हाई, गयाबाई असंल," असं म्हणून अप्पा प्लॉटांच्या पलीकडं एक पत्र्याचं घर होतं तिकडं चालू लागले. दारात उभं राहून त्यांनी हाक मारली. आतून एक वाकलेली म्हातारी कपाळावर हात धरत बाहेर आली.

"कोन? अप्पा का? आवं, किती दिसांनी!"

मॅडम पुढं झाल्या. शीट त्यांनी काखेतच ठेवली होती, उघडली नाही. "आजी, पूर्वी या उतारावर एक गवत होतं म्हणे."

"कंचं? हितं लई व्हती."

"तुम्ही अप्पांना दाखवलं होतं ते."

"त्ये बारकं व्हय? वासाचं? म्याच दावलं व्हतं. ह्ये आपले त्याच्यावरनंच चालले व्हते." गयाबाईला तेवढ्यात हसू आलं. "चुरगाळलं की वव्यावानी वास सुटायचा, बया. कापलं की दोन दीस हाताचा जायाचा न्हाई. म्हस त्याला तोंड लावत नव्हती. मंग म्या बी ते सोडून कापायची."

"आता कुठं मिळेल?"

"आता कुटलं? डोजर आला, समदं खरवडून न्हेलं. वर डोंगरात बी न्हाई बघितलं म्या कुटं."

मॅडमनी कागद सोडला आणि लेबल वाचलं. मी त्यांच्या खांद्यावरून बघत होतो. अप्पांच्या बारीक अक्षरात, अठरा वर्षांपूर्वीच्या शाईत, सगळ्यात खाली लिहिलं होतं: 'चुरगळल्यास ओव्यासारखा वास. म्हैस खात नाही. असं गयाबाई सांगते.' मॅडमनी ते दोनदा वाचलं. मग त्यांनी विचारलं, "आजी, तुमचं आडनाव काय?"

"थोरात. कावून? रेशनकार्डाचं हाय का?"

"नाही. इथं लिहायचंय." आणि त्यांनी स्वतःचं पेन उघडून अप्पांच्या हातात दिलं. अप्पांनी जीपच्या बॉनेटवर शीट ठेवली आणि गयाबाईपुढं थोरात लिहिलं. भाऊसाहेबांचे रोडगे त्या दिवशी करपले, हे मला नंतर कळलं.

परतताना मॅडम एवढंच म्हणाल्या, "ही शीट जपा. आता बघायला तेवढंच राहिलंय." मग थोड्या वेळानं त्यांनी सहज विचारलं, "सर, तुमची पीएच.डी. कुठल्या वर्षीची?"

"माझी न्हाई, बाई. ह्यांची हाय. मार्गदर्शक हे. लई हुशार हायत." अप्पांनी मागं वळून माझ्याकडं हात केला. मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

मान्यता आली. ढोल वाजले, भाऊसाहेबांनी पत्राला चौकट करवली, माझा सत्कार झाला. सत्कारात सगळ्यात जोरात टाळ्या अप्पांच्या होत्या. मी भाषणात त्यांचं नाव तीनदा घेतलं. पण स्थानिक बातमीत माझा फोटो आला, आणि ती बातमी अप्पांनी नेहमीच्या पद्धतीनं चार महिन्यांनी वाचून माझं पुन्हा अभिनंदन केलं.

पण त्या पत्रात शेवटी एक अट होती. दोन वर्षांत निदान एका संशोधक विद्यार्थ्याची नोंदणी झाली नाही, तर मान्यता आपोआप रद्द. तेव्हा कुणाचं तिकडं लक्ष गेलं नाही. दोन वर्षांत एक विद्यार्थी, त्यात काय! पण तो एक मिळेना. एक मुलगी फॉर्म घेऊन गेली आणि तिचा बी.एड.ला नंबर लागला. एका मुलाला अप्पांनी सहा महिने डोंगरातून हिंडवलं, त्याला खरी गोडीही लागली होती. पण तो एका औषध कंपनीत लागला आणि टाय लावून मोटरसायकलवर आम्हाला पेढे द्यायला आला. अप्पांनी त्याला आशीर्वाद दिला, पेढा खाल्ला आणि म्हणाले, "बरं झालं. घरी म्हातारी हाय त्याची." दिवस भराभर गेले. भाऊसाहेब व्हरांड्यातून जाताना मागच्या खोलीकडं बघून जात.

दोन महिने राहिले होते. दुपारची वेळ, मी विभागात एकटा पेपर तपासत बसलो होतो. अप्पा आले, समोर उभे राहिले आणि माझ्यापुढं एक भरलेला फॉर्म ठेवला. पीएच.डी.च्या नोंदणीचा. मला इतका आनंद झाला की मी नाव न बघता म्हणालो, "अरे वा! कोण मिळालं?"

"वाचा की."

उमेदवाराचं नाव: काशिनाथ. वय: अठ्ठावन्न पूर्ण. विषय: बालाघाटातली गवतं. मार्गदर्शक: डॉ. जाधव. खाली माझ्या सहीची जागा मोकळी.

मी उठून उभा राहिलो. "अप्पा, हे मला जमणार नाही. मी तुम्हाला काय मार्गदर्शन करणार? मला हातभर जागेत चार गवतं दिसतात."

"मार्गदर्शन नका करू. सही करा."

"लोक हसतील."

"हसू द्या. दुसरं कुनी येईना, आन दोन म्हैने राहिले. कपाटं व्हरांड्यात गेली की एका पावसाळ्यात संपली."

माझ्या तोंडून निघून गेलं, "काकू म्हणाल्या होत्या, तुम्ही परत कुणाच्या हाताखाली..."

अप्पांनी बाकावर बसून घेतलं. बुटाच्या नाडीत अडकलेलं कुसळ काढलं, ते नीट बघितलं आणि टेबलावर ठेवलं. "व्हय, म्हनलो व्हतो. तवा कपाटं रिकामी व्हती." मग ते म्हणाले, "आन माझं गवत तुमी सोताच्या नावावर लावनार न्हाई, येवढं म्हाईत हाय मला."

ज्या माणसाच्या कामावर माझ्या नावाचं पत्र ऑफिसात टांगलेलं होतं, तो माणूस हे म्हणत होता. टोमणा मारणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, ते मनापासूनच म्हणत होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला मी पेन शोधू लागलो. पेन हातातच होतं. मी सही केली.

खोली राहिली. कॉम्प्युटरसाठी भाऊसाहेबांनी वर नवा मजला बांधला आणि तिथं पोरांनी खरोखरच रांग लावली. पुढं अप्पांना पदवी मिळाली. प्रबंधाच्या सुरुवातीच्या आभारांत गयाबाई थोरात यांच्यापासून रहीमभाईंपर्यंत अडीच पानं नावं होती, आणि ती कमी करा असं मार्गदर्शक म्हणून सांगायची माझी छाती झाली नाही. सबनीस मॅडम मुद्दाम मौखिक परीक्षेला येऊन बसल्या होत्या. शांताकाकूंनी त्या दिवशी सगळ्यांना पुरणपोळी वाढली. हे सगळं झालं, आणि चांगलं झालं.

पण अप्पा आठवतात ते त्या दिवशीचे नाहीत. पदवी अजून मिळायची होती आणि ते निवृत्त झाले, त्यानंतरच्या सोमवारचे आठवतात. शनिवारी निरोपसमारंभ झाला होता, शाल-श्रीफळ, भाषणं सगळं झालं होतं, आणि विभागाचा कारभार माझ्याकडं आला होता. संशोधक विद्यार्थ्यानं रोज साडेदहाला केंद्रावर हजेरी लावावी, असा विद्यापीठाचा नियम. तो अप्पांना लागू असेल असं माझ्या डोक्यातही नव्हतं. मी अकरा वाजता रमतगमत आलो. विभागाच्या दाराला कुलूप होतं आणि बाहेरच्या पायरीवर, तासाची वाट बघणाऱ्या बी.एस्सी.च्या मुलांच्या ओळीत, अप्पा बसले होते. मांडीवर वही, पायात तेच बूट. मला बघताच ते गुडघ्यावर हात टेकवून उठून उभे राहिले. ते उठले म्हणून मुलंही उठली.

मला भयंकर लाज वाटली. मी घाईघाईनं जवळ जाऊन हळूच म्हणालो, "अप्पा, तुम्ही उठायचं नाही हो. हात जोडतो."

"न्हाई कसं?" अप्पा तितकंच हळू म्हणाले. "पोरं बघत्यात."

मी कुलूप काढलं, दार ढकललं आणि त्यांना वाट देऊन बाजूला झालो. अप्पाही बाजूला झाले. मी 'चला' म्हणालो, ते नुसते उभे. मुलं आमच्या दोघांकडं बघत होती. शेवटी मीच आधी आत गेलो.